आठव्या दिवशीची गर्दी



येत्या २४ जूनला ख्रिस्तसभा संत योहान बाप्तिस्ता याचा जन्मोत्सव साजरा करीत आहे. संतांचे सण आपण बहुधा त्यांच्या मरणाच्या दिवशी पाळतो, कारण तो त्यांचा स्वर्गातला जन्मदिवस. पृथ्वीवरच्या जन्माचा सण ख्रिस्तसभेच्या पंचांगात तिघांचाच आहे: प्रभू येशूचा, त्याच्या मातेचा आणि या योहानाचा. त्या दिवशीच्या मिस्सेत संत लूकच्या पहिल्या अध्यायातला जो उतारा वाचला जातो, त्यावर दरवर्षी मी योहानाविषयीच बोलत आलो. यंदा त्याच्या आईविषयी आणि तिच्या घरी जमलेल्या पाहुण्यांविषयी लिहायचे मनात आहे. मागच्या काही महिन्यांत आपल्या धर्मग्रामात बरीच बाळे जन्माला आली. त्यांतल्या काही आया माझ्याकडे किंवा सिस्टरांकडे येऊन जे बोलून गेल्या, ते मला स्वस्थ बसू देत नाही.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. एलिझाबेथ वयस्कर बाई. आयुष्यभर लोकांनी तिला वांझ म्हणून हिणवले. दिवस गेल्यावर पाच महिने ती लोकांसमोर आलीच नाही, असे लूक सांगतो. शेवटी बाळ झाले, मुलगा झाला, आणि शेजारपाजार, भावकी, सगेसोयरे सारे आनंदाने धावत आले. देवाने हिच्यावर केवढी दया केली, असे म्हणत आले. त्यांच्या मनात काळेबेरे काही नव्हते. आठव्या दिवशी बाळाच्या सुंतेला घर भरले, आणि तेव्हा या प्रेमळ माणसांनी काय केले? बाळाचे नाव परस्पर ठरवून टाकले. बापाचे नाव जखऱ्या, तेव्हा मुलाचेही जखऱ्या! आई म्हणाली, नाही, याचे नाव योहान. लगेच हरकत आली: तुमच्या घराण्यात हे नाव कुणाचे आहे? आणि तिचा शब्द पुरेसा नाही असे समजून ते तिला ओलांडून नवऱ्याकडे गेले.

हे यहूदाच्या डोंगराळ भागात दोन हजार वर्षांपूर्वी घडले. पण वाचताना मला आपल्याच एखाद्या वाडीवरचे बारसे डोळ्यांपुढे येते. आत्याचा मान, मामाचा मान, आजोबांचे नाव चालवायचे की नवीन ठेवायचे, माहेरच्यांनी पाळणा आणला तो लहान की मोठा, बाळंतविड्यात कुंची होती की नव्हती. आणि या सगळ्या गलक्यात आठ दिवसांची बाळंतीण कोपऱ्यात बसलेली. तिला टाके दुखत आहेत, बाळ भुकेने चुळबुळते आहे, आणि पदराआड घ्यावे तर खोलीत दीर, भाऊजी, शेजारचे काका बसलेले.

आता मी माझी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, एका घरी पहिली मुलगी झाली. सहाव्या दिवशी मी आशीर्वाद द्यायला गेलो. एकटा गेलो असतो तर पाच मिनिटांत उरकले असते. पण मला वाटले, महिला मंडळालाही नेऊ, सर्वांनी मिळून जपमाळ म्हणू, घरच्यांना बरे वाटेल. आम्ही चौदा जण त्या दहा बाय बाराच्या खोलीत दाटीवाटीने बसलो. आम्ही आलो म्हणून ती पोर खाटेवर उठून बसली, डोक्यावर पदर घेतला. पाच मणी, गीत, प्रार्थना, मग चहा, मग गप्पा. पाऊण तास बाळ रडत होते. कुणी म्हणाले, "दूध पुरत नाही वाटतं हिला." दुसरी म्हणाली, "अंगावरचं पातळ असेल, वरचं लावा." तिसरीने बाळाला मांडीवर घेतले, चौथीने घेतले, मुका घेतला. मीसुद्धा हात न धुता बाळाच्या कपाळावर क्रूस काढला. मोटारसायकलवरून धुळीतून आलेला तो हात.

त्या पोरीने आम्ही गेल्यावर अंगावर पाजायचा प्रयत्न केला. पण तिच्या मनात बसले की आपल्याला दूध नाही. दोन दिवसांत बाटली आली. पंधरवड्यात बाळाला जुलाब लागले आणि ते आठ दिवस रुग्णालयात सलाईनवर होते. देवाच्या कृपेने वाचले; आता ती मुलगी शाळेत जाते. पुढे एका सिस्टरना ती आई म्हणाली, "फादर आले तेव्हा बाळाला भूक लागली होती, पण प्रार्थना मोडून उठायचं कसं?" हे ऐकल्यापासून मी कोणत्याही बाळंतिणीच्या घरी मंडळी घेऊन गेलेलो नाही.

दुधाचे काय असते ते इथे सांगतो, कारण आपल्याकडे बायकांवर सर्वात आधी हाच आरोप येतो. बाळ जितके ओढते तितके दूध तयार होते. एका वेळचे पाजणे चुकले, त्याच्या जागी बाटली आली, की शरीर समजते मागणी कमी झाली, आणि दूध खरोखरच कमी होते. शिवाय आईचे मन थाऱ्यावर नसेल, लाज वाटत असेल, तर दूध असूनही पान्हा फुटत नाही. हे तुम्हा गाई-म्हशी सांभाळणाऱ्यांना मी काय सांगावे? ताज्या व्यालेल्या गाईच्या गोठ्यात आपण परक्या माणसाला जाऊ देत नाही. गाय बुजेल, पान्हा चोरील, म्हणून गोठ्याच्या दारात उभे राहणारा माणूस घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत मात्र जत्रा भरू देतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१७ च्या जानेवारीत व्हॅटिकनच्या सिस्टीन चॅपेलमध्ये बाळांचा बाप्तिस्मा करताना आयांना सांगितले होते की बाळ भुकेले असेल तर निःसंकोच इथेच पाजा. जगातल्या सर्वात प्रसिद्ध चित्रांखाली, पोपसमोर, मिस्सा चालू असताना जे चालते, ते आपल्या घरात पाहुण्यांसमोर का चालू नये? आणि तिला संकोच वाटत असेल तर बाहेर कुणी जायचे, तिने की पाहुण्यांनी?

आपल्या जुन्या बायका सव्वा महिना बाळंतिणीची खोली वेगळी ठेवत. त्यात विटाळाची समजूत मिसळली होती. ख्रिस्ती माणसाने ती मानू नये. ज्या शरीरातून देवाने जीव दिला ते अपवित्र कसे असेल? पण विटाळ फेकून देताना आपण विसावाही फेकून दिला. मोशेच्या नियमात मुलगा झाल्यावर चाळीस दिवस होते. पवित्र मरिया आणि संत योसेफ यांनी ते पाळले आणि मगच बाळाला मंदिरात नेले. त्याचा सण आपण २ फेब्रुवारीला करतो. आता बाई तिसऱ्या दिवशी घरी येते, चौथ्या दिवशी गावभर फोनवर फोटो फिरतो, आणि पाचव्या दिवसापासून चहाची आधणे चढतात. चहा कोण करते? कित्येक घरांत तीच करते.

बाळाच्या अंगाने पाहिले तर गोष्ट याहून नाजूक आहे. मोठ्या माणसाची साधी सर्दी तीन आठवड्यांच्या बाळाच्या छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. डांग्या खोकल्याची लस सहाव्या आठवड्यापासून सुरू होते. तोवर बाळ उघडेच असते, आणि आपल्याला फक्त खोकला वाटणारा आजार त्याचा श्वास कोंडू शकतो. ज्याच्या ओठावर पुरळ आलेली आहे त्याने घेतलेला एक मुका लहानग्याला फार महागात पडू शकतो. आता पावसाळा सुरू झाला. घरोघरी ताप, सर्दी, खोकला येणार. म्हणून जरा जरी कणकण असेल तर "दारातूनच बघून जातो" असे म्हणणारा पाहुणा हा शहाणा पाहुणा समजावा, त्याला हट्टाने आत ओढू नये. येणाऱ्याने आधी साबणाने हात धुवावेत आणि घरच्यांनी पाणी-साबण दाराशीच ठेवावे, म्हणजे कुणाला सांगायला नको. सणावाराला पाय धुवायला पाणी देतोच ना आपण? मध चाटवायची चाल तर बंदच करा. एक वर्षाच्या आत मध नको. त्यातून होणारा आजार क्वचित होतो, पण झाला तर बाळाचे अंग लुळे पडते. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, पाणीही नको. आणि दोन महिन्यांच्या आतल्या बाळाने पिणे सोडले, अंग तापले किंवा गार पडले, श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त चालू लागला, झटके आले, तळहात-तळपाय पिवळे दिसू लागले, तर कुणाचा सल्ला घेत बसू नका, तडक दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा. दृष्ट काढण्यात जी रात्र जाते, तीच रात्र महत्त्वाची असते.

या बाबतीत आपला जिल्हा साऱ्या जगाला शिकवून गेला आहे, हे आपल्या तरुणांना ठाऊक असावे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० साली जामखेडला आले. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या बायका निवडल्या, त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातल्या. त्यांना जामखेडला बोलावून शिकवले आणि आपापल्या गावी परत पाठवले. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांपैकी १७६ बाळे वर्षाच्या आत जात होती. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलताई १९९९ साली आणि डॉ. आरोळे २०११ साली देवाघरी गेले. मोठी यंत्रे त्यांच्याकडे फारशी नव्हती. त्यांच्याकडे होती ती गावातलीच एक बाई, जिला बाळंतिणीच्या खोलीत जाता येत होते आणि जिचे म्हणणे सासू ऐकून घेत होती. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९९३ पासून ३९ गावांत हेच काम नवजात बाळांसाठी बारकाईने केले. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात बाळांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. आज आशाताई आपल्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, ती पद्धत २०११ पासून देशभर सुरू झाली, आणि तिचे मूळ त्या कामात आहे.

आशाताई हीसुद्धा पाहुणीच. ती हात धुते, बाळाचे वजन करते, ताप बघते, श्वास मोजते, आईला विचारते की जेवलीस का, झोपलीस का. आणि आपल्या घरी काय होते? एका आशाताईने मला सांगितले की सातव्या दिवशी गेले तर ओसरीवर पंधरा माणसे, बाळ कुणाच्या मांडीवर आहे तेच कळेना. "पुढच्या वेळी ये" म्हणून परत पाठवले. जी खरोखर बाळासाठी आली होती, तिलाच जागा नव्हती.

पवित्र मरियेचे उदाहरण मी मुद्दाम राखून ठेवले होते. एलिझाबेथला सहावा महिना असताना ती नाझरेथहून डोंगर चढून आली आणि सुमारे तीन महिने राहिली. सहा आणि तीन नऊ होतात. म्हणजे ज्या दिवसांत वाकवत नाही, पाणी आणवत नाही, दळवत नाही, त्या दिवसांत ती होती. आणि लूक तिच्या परत जाण्याचे आधी सांगतो, बाळाच्या जन्माचे नंतर. ती बाळंतपणापर्यंत थांबली होती की नाही यावर विद्वानांत चर्चा आहे. मला एवढेच दिसते की आठव्या दिवशीच्या त्या गर्दीत, नावावरून हुज्जत घालणाऱ्यांत, लूक तिला कुठे दाखवीत नाही. बेथलेहेमात तिच्या स्वतःच्या बाळाला बघायला मेंढपाळ आले, तेही आले, पाहिले आणि देवाची स्तुती करीत आपल्या कळपांकडे परत गेले. पूर्वेकडचे ज्ञानी लोक एवढ्या लांबून आले, पण भेटी ठेवून माघारी वळले. मुक्काम ठोकल्याचे कुठे लिहिलेले नाही! आणखी एकाला बाळाला बघायला यायचे होते, तसा निरोपही त्याने दिला होता, तो हेरोद. त्याला पत्ता मिळू नये याची काळजी देवानेच घेतली. तेव्हा "बाळाला बघायचंय" म्हणणाऱ्या प्रत्येकाला होच म्हणायला हवे असे शुभवर्तमानात तरी नाही.

पण हो कुणी म्हणायचे आणि नाही कुणी म्हणायचे? इथे मला जखऱ्याकडे यायचे आहे. आपल्या गावांतला तरुण बाप या दिवसांत मुका झालेला असतो. इकडे आई, तिकडे बायको. आई म्हणते, माझ्या बहिणी लांबून आल्या, बाळ दाखव. बायको डोळ्यांनी विनवते, आत्ताच झोपले हो. आणि हा मोबाइल काढून अंगणात जातो. जखऱ्यालाही नातेवाइकांनी खुणा करून विचारले, तुझे काय म्हणणे? सोपे होते, सगळ्यांच्या बाजूने मान हलवायची. त्याने पाटी मागवली आणि बायको जे बोलली तेच लिहिले. ते लिहिले आणि त्याची जीभ मोकळी झाली. लग्नाच्या तयारीच्या वर्गात मी मुलांना आता हा उतारा वाचून दाखवतो. मुली खाली मान घालून हसतात; मुले गंभीर होतात.

सासूबाईंनीही मन दुखवून घेऊ नये. मी सुनांची बाजू घेतो असे कुणी म्हणतील. नामीचे उदाहरण पाहा. नवरा गेला, दोन्ही मुले गेली, पदरात उरली ती परदेशी सून रूथ. रूथला बाळ झाले तेव्हा बेथलेहेमच्या शेजारणी नामीकडे आल्या, तिच्या सुनेची थोरवी गायली आणि नामीने बाळाला उराशी धरून त्याचे संगोपन केले. ओबेद तो, दाविदाचा आजोबा. आजीची मांडी ही बाळाची हक्काची जागा आहे. डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, अंगाला तेल, रात्रीचा जागर, यांतले किती तरी आजीशिवाय होतच नाही. पुण्या-मुंबईला एका खोलीत दोघेच राहणाऱ्या आपल्या मुलींना विचारा, आई किंवा सासू आली नाही तर काय होते ते. दाराशी उभे राहून "सूनबाई झोपलीय, चहा घ्या, बाळ पुढच्या रविवारी बघा" हे सांगण्याचे काम तर सासूइतके जोरात कुणालाच जमत नाही. पाहुण्यांचा राग सुनेवर जातो, सासूवर जात नाही.

नवसाबद्दलही बोलले पाहिजे. दर सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला केवढी गर्दी लोटते ते तुम्ही जाणता. कित्येकांनी बाळासाठी नवस केलेला असतो आणि बाळ महिन्याभराचे असतानाच ऊन-पावसात, रेटारेटीत, त्याला माउलीच्या पायाशी घालायचा आग्रह घरचे धरतात. हन्नाची गोष्ट आठवा. तिने शमुवेलसाठी नवस केला होता, तोही साधा नव्हे, मूलच देवाला देईन असा. तरी वार्षिक यात्रेची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, बाळाचे दूध तुटेपर्यंत मी येत नाही. आणि तिचा नवरा एलकाना म्हणाला, तुला बरे वाटते तसे कर. देव रागावला नाही. तोच शमुवेल पुढे संदेष्टा झाला. तेव्हा माउलीकडे यंदा बापाने जावे, मेणबत्ती लावावी. बाळ पुढच्या वर्षी चालत येईल.

बाप्तिस्म्याबाबत याच्या उलट होते. ख्रिस्तसभेचा नियम आहे की बाळाचा बाप्तिस्मा पहिल्या काही आठवड्यांत करावा. आपल्याकडे तो वर्ष-दीड वर्ष लांबतो, का, तर मंडपाला आणि मटणाला पैसे जमायचे आहेत, मुंबईचे मामा यायचे आहेत. मंडप हा संस्काराचा भाग नाही. आईवडील, एक धर्मपिता किंवा धर्ममाता, आणि रविवारची मिस्सा, एवढे पुरते. जेवण पुढे कधीही घाला. आणि बाळ अत्यवस्थ असेल तर फादरची वाटही पाहू नका. घरचे कुणीही, दवाखान्यातली परिचारिकाही, डोक्यावर पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. नंतर मला कळवा, म्हणजे नोंद करता येईल.

आता सर्वात कठीण गोष्ट. मुलगी झाली की आपल्या लोकांचे तोंड कसे उतरते ते मी पाहिले आहे. "असू दे, पुढच्या वेळी होईल" हे सांत्वन बाळंतिणीच्या उशाशी बसून केले जाते, आणि ती पोरगी तिथेच पाळण्यात असते. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे फक्त ८५२ मुली होत्या. हा आकडा बाहेरच्या कुणी आणला नाही. असल्या बोलण्यातून तो तयार होत जातो, आणि त्यात आपलीही जीभ असते. अशा वेळी बाई गप्प होते, रडू लागते, जेवत नाही, बाळाकडे पाहत नाही. पहिले काही दिवस थोडे रडू येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी जात नसेल, जिवाचे बरेवाईट करायची भाषा निघत असेल, तर तो आजार आहे आणि त्यावर औषध आहे. तिला "बाहेरचं" लागले म्हणून माझ्याकडे प्रार्थनेला आणतात. मी प्रार्थना करतो, जरूर करीन. पण त्याच दिवशी डॉक्टरांकडेही न्या, मी सोबत येतो.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, मग बाळंतिणीकडे जायचेच नाही का? गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या आठवड्यात, कारखान्याच्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या तळावर एक बाई कोपीत बाळंत झाली. माणसे पाथर्डीकडची. नवरा पहाटे फडावर जाई, कारण उचल घेतलेली. बरोबरच्या बायकाही कोयता घेऊन जात. ती आणि बाळ दिवसभर पाचटाच्या कोपीत. सिस्टरांना हे नवव्या दिवशी कळले. आपल्या चर्चपासून ते अंतर दीड किलोमीटरसुद्धा नाही. त्याच आठवड्यात गावात तीन बारशी झाली आणि तिन्हीकडे शंभरच्या वर पाने उठली. मी स्वतः दोन ठिकाणी जेवलो. गव्हाणीचा देखावा करायला आम्ही पाचट आणले ते त्याच तळाच्या बाजूने, ट्रॅक्टरमधून. तिच्याकडे कुणी पाहुणा गेला नव्हता. सिस्टर गेल्या तेव्हा तिने पहिली गोष्ट मागितली ती गरम पाणी.

आपल्या वाडीवर प्रेमविवाह केलेली एक मुलगी आहे, जिच्याकडे दोन्ही घरचे फिरकले नाहीत. तिला या महिन्यात दिवस भरतात. नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

महिला मंडळाच्या मागच्या बैठकीत असे ठरले की यापुढे ज्या घरी बाळ होईल तिथे पहिले बारा दिवस कुणी मंडळाने जायचे नाही. त्याऐवजी एका घरून एका दिवशी दुपारची भाकरी, भाजी आणि वरण डब्यातून जाईल. डबा दारात द्यायचा, आदल्या दिवशीचा रिकामा डबा घ्यायचा, धुण्याची बादली भरलेली दिसली तर कपडे धुऊन वाळत घालायचे आणि परत यायचे. बाळ बघायचे नाही, आईने बोलावले तर गोष्ट वेगळी. ज्यांना दिवस घ्यायचा असेल त्यांनी आज मिस्सेनंतर सिस्टरांकडे नाव द्यावे. पहिला डबा त्या मुलीकडे जाईल. साखर कारखाने सुरू झाले की तळावर कोणत्या कोपीत गरोदर बाई आहे याची माहिती युवकांनी काढायची आहे. त्यासाठी चार मुले हवीत, दोन मिळाली आहेत.